एक बाटली, दोन निकाल: खारपाणपट्ट्यातल्या एका बोअरचं प्रकरण

"भाऊ, हे पानी पराटीले चालते का? अन् घरी प्यायले?"

खारपाणपट्ट्यातून, म्हणजे वऱ्हाडातल्या खाऱ्या भूजलाच्या भागातून, पाण्याची बाटली घेऊन येणारा माणूस पराटीचा, म्हणजे कपाशीचा, आणि पिण्याचा हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारतो. त्याच्या दृष्टीने ते एकच असतात, कारण बोअर एकच असते आणि बाटलीही एकच. तिसरं वाक्यही ठरलेलं असतं, पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या खिशातल्या मीटरचं: "मीटरवर सोळाशे दाखोते. दोन हजाराच्या आत हाये ना?"

या लेखात मी ज्यांना काकाजी म्हणतो ते कुणी एक गृहस्थ नाहीत. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या भागांतून असे काकाजी येतात आणि सगळ्यांचं बोलणं इतकं सारखं असतं की त्यांचं एकच प्रकरण करणं मला सोपं गेलं. पुढचा अहवालही कुणाच्या बोअरचा नाही. या पट्ट्यातल्या पाण्याचा स्वभाव धरून, गणित डोळ्यांसमोर करता यावं म्हणून मी तो आखला आहे. काकाजींचं बोअर गावाला लागून असलेल्या शेतात, गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. एवढं लक्षात ठेवा. गोठा पुढे कामाला येणार आहे.

पट्टा कसा आहे

उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, आणि मध्ये पूर्णा नदीने भरत आणलेला खोलगट भाग. ही पूर्णा तापीला मिळणारी, परभणीकडची नव्हे. हा खोलगट भाग जमीन खचून झालेला असून त्यात साचलेला गाळ काही ठिकाणी तीनशे मीटरच्या वर जाड आहे. गाळात चिकणमातीचे थर आणि चुनखडीचे खडे. उतार इतका कमी की जमिनीखालचं पाणी पुढे सरकायला कंटाळतं. पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, उन्हाळा वऱ्हाडातला. पाणी आत फार हळू शिरतं, त्याहून हळू बाहेर पडतं, आणि मधल्या काळात मातीतले क्षार उचलत राहतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे, तरी पाणी खारं.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली ८९४ गावं असा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. 'पोकरा' म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने पहिल्या टप्प्यात ९३२ गावं धरली. मोजणारा बदलला की गावं बदलतात, पाणी तेच राहतं.

पट्ट्याच्या उत्तरेकडच्या कडेचं चित्र अगदी उलटं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा भरड थर आहे. तिथे पाणी खोल पण गोडं लागतं, म्हणून अचलपूर-अंजनगाव भागात संत्र्याच्या बागा उभ्या राहिल्या. तिथून पूर्णेकडे उतरत गेलं की बागा संपतात आणि कपाशी, तूर, मूग, हरभरा असं कोरडवाहू शिवार सुरू होतं. एकाच तालुक्यात एका टोकाला संत्रा आणि दुसऱ्या टोकाला टँकर दिसतो.

पिण्याच्या पाण्यासाठी इथे धरणांवरून नळयोजना आहेत. वान धरणावरची अकोट-तेल्हाऱ्याची '८४ खेडी' योजना घरोघर माहीत आहे. हा विषय किती दुखरा आहे ते २०२३ च्या एप्रिलमध्ये सगळ्या महाराष्ट्राला दिसलं. ६९ गावांच्या योजनेसाठी बाळापूरचे आमदार नितीन देशमुख इथलं खारं पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरच्या दिशेने पायी निघाले होते. नळ येतो तिथेही तो रोज येतोच असं नाही. नळ नसला की माणूस बोअरकडे वळतो.

बाटली

काकाजींनी पहिल्यांदा पाणी आणलं ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत. बाटली अर्धी भरलेली, आत थोडासा गोडसर वास. ते मी ओतून दिलं. त्यांना राग आला, आणि तो रास्त होता. एसटीने पन्नास किलोमीटर आणलेलं पाणी कुणी मोरीत ओतलं तर कुणालाही येईल.

पण नमुन्यात चूक झाली की पुढचं सगळं गणित चुकीच्या पाण्याचं होतं. रात्रभर पाईपमध्ये उभं राहिलेलं पाणी बोअरचं नसतं, पाईपचं असतं. म्हणून मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा खळखळायची आणि गळ्यापर्यंत भरायची, आत हवा राहू द्यायची नाही. हवा राहिली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निसटतो, सामू (पीएच) वर चढतो आणि बायकार्बोनेटचा आकडा डळमळतो. नायट्रेट मोजायचं तर बाटली थंड ठेवायची. जंतूंची तपासणी करायची असेल तर प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्यायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. हे लिहावं लागतं, कारण तशीही बाटली येते.

एक नमुना मे महिन्यात आणि दुसरा पावसाळा संपल्यावर. एकाच नमुन्यावर बोअरला कायमचं प्रमाणपत्र देऊ नये.

अहवाल

दुसऱ्या बाटलीचा अहवाल असा आला. विद्युत वाहकता आणि सामू सोडले तर सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर:

विद्युत वाहकता (ईसी) ३,२०० मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर
सामू ७.९
एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस) १,८२०
कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम ८५, सोडियम ५०६, पोटॅशियम ४
बायकार्बोनेट ७३२, क्लोराइड ४९६, सल्फेट २१६, नायट्रेट ६२, फ्लोराइड १.२
एकूण काठिण्य ५००

अहवाल हातात आला की मी आधी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. पाण्यात धन भाराचे आणि ऋण भाराचे कण सारखेच असायला हवेत, म्हणून मिलिग्रॅमचे मिली-इक्विव्हॅलंट, म्हणजे भाराच्या हिशेबातले आकडे, करून दोन्ही बाजू जुळवून पाहतो. कॅल्शियम ३, मॅग्नेशियम ७, सोडियम २२, पोटॅशियम जेमतेम ०.१, बेरीज ३२.१. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट १२, क्लोराइड १४, सल्फेट ४.५, नायट्रेट १, फ्लोराइड नावापुरतं, बेरीज ३१.६ च्या आसपास. फरक एक टक्क्याच्या आत. पाच टक्क्यांपर्यंत मी चालवून घेतो. त्यापुढे गेला तर अहवाल परत. शिवाय ईसीला शंभराने भागलं की ३२ येतात आणि तीही बेरीज जुळते. या दोन तपासण्या पाठीमागच्या कोऱ्या जागेवर पेनने होतात, पण बहुतेक अहवालांवर त्या कुणी केलेल्या नसतात.

आता काकाजींच्या मीटरवरचे सोळाशे. खिशातलं टीडीएस मीटर क्षार मोजत नाही, वाहकता मोजतं आणि आत ठरवलेल्या गुणकाने गुणून आकडा दाखवतं. गुणक ०.५ असेल तर ३,२०० चे १,६०० होतात, ०.७ असेल तर २,२४०. म्हणजे मीटरच्या एका कंपनीच्या हिशेबाने पाणी मर्यादेत आणि दुसरीच्या हिशेबाने मर्यादेबाहेर, आणि बोअर तेच. म्हणून मीटरवर टीडीएसऐवजी ईसी दिसते का ते पाहावं आणि तीच लिहून ठेवावी.

प्यायला

भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात बहुतेक घटकांना दोन आकडे दिले आहेत: एक स्वीकार्य, आणि दुसरा पर्यायी स्रोत नसेल तेव्हाची कमाल मर्यादा. टीडीएस ५०० आणि २,०००. काठिण्य २०० आणि ६००. क्लोराइड २५० आणि १,०००. सल्फेट २०० आणि ४००. मॅग्नेशियम ३० आणि १००. फ्लोराइड १ आणि १.५. काकाजींचं पाणी यातल्या प्रत्येकात पहिला आकडा ओलांडतं आणि दुसऱ्याच्या आत थांबतं. बायकार्बोनेटवरून काढलेली अल्कता ६०० येते, म्हणजे नेमकी कमाल मर्यादेच्या काठावर. 'दोन हजाराच्या आत' हे काकाजींचं म्हणणं कागदावर खरं आहे. मात्र 'पर्यायी स्रोत नसेल तेव्हा' हे शब्द वाचताना सगळे गिळतात.

नायट्रेटला दुसरा आकडाच नाही. मर्यादा ४५ आणि सवलत शून्य. इथे आहेत ६२. पिण्याचा निकाल इथेच लागला: नको.

टीडीएसच्या १,८२० मध्ये हे ६२ कुठे लपतात ते मीटरला कळत नाही, जिभेलाही कळत नाही. वास नाही, रंग नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. सगळ्यात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळाला. त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडतं. काकाजींच्या घरी नात चार महिन्यांची होती. पहिला प्रश्न मी तोच विचारला, बाकीचं नंतर.

"पन खत तं म्या जास्त टाकलंच नाई औंदा."

खत एकटं नसतं. तो हाकेच्या अंतरावरचा गोठा, शेणखताचा उघडा ढीग, संडासाचा शोषखड्डा, सांडपाण्याची नाली, या सगळ्यांचा नत्र झिरपून खाली जातो. गावाला लागून असलेल्या बोअरमध्ये नायट्रेट दिसलं की मी जंतूंची तपासणीही करायला सांगतो, कारण दोघांची वाट बरेचदा एकच असते. ई. कोलाय शंभर मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही.

नायट्रेटच्या आकड्यात एक खोच आहे आणि तिच्यात शिकलेली माणसंही अडकतात. काही प्रयोगशाळा आकडा 'नायट्रेट' म्हणून देतात, काही 'नायट्रेटमधला नत्र' म्हणून. पहिल्या पद्धतीत मर्यादा ४५, दुसऱ्यात साधारण १०, आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा '१० हवं, ५४ निघालं' असं बातम्यांमधून फिरलं. ५४ हे जर नायट्रेट म्हणून मोजलेलं असेल तर ते मर्यादेच्या सव्वापट होतं, साडेपाचपट नव्हे. पुढे चर्चा गव्हातल्या सेलेनियमकडे वळली, पण तोवर पट्ट्यातल्या प्रत्येक विहिरीकडे संशयाने पाहून झालं होतं.

सोडियमला या भारतीय मानकात मर्यादाच नाही. ५०६ मिलिग्रॅम म्हणजे काय ते असं पाहा: मे महिन्यात शेतात राबणारा माणूस दिवसाला चार लिटर पाणी सहज पितो. त्यातून दोन ग्रॅम सोडियम पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराच्या सगळ्या आहारात मिळून दोन ग्रॅमच्या आत राहा म्हणते. इथे पाण्यातच कोटा संपला, ठेचा-भाकर अजून बाकी आहे. घरात रक्तदाबाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल तर हा आकडा डॉक्टरांना दाखवायलाच हवा. पट्ट्यात किडनीचे आजार हा घराघरातला विषय आहे. पण टीडीएसचा आकडा हे किडनीचं निदान नव्हे. तसं छातीठोक सांगणारा माणूस बहुधा काहीतरी विकायला आलेला असतो.

आरओ? खारपाणपट्ट्यात आरओ ही चैन नाही. टीडीएस ५०० च्या आत असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घाला असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये म्हटलं होतं. इथलं पाणी त्या रेषेच्या कितीतरी वर आहे. आरओने नायट्रेटही बरंच उतरतं. पण पडदा जुना झाला की पहिल्यांदा तेच निसटतं, म्हणून गाळलेल्या पाण्याचीही वर्षातून एकदा तपासणी हवी. आणि नळीतून बाहेर पडणारं जास्तीचं खारं पाणी बोअरशेजारी सोडू नये. काकाजींकडे ते थेट बोअरच्या ओट्याखाली मुरत होतं.

माझा कल छताच्या पाण्याकडे आहे. नव्वद चौरस मीटरचं पत्र्याचं किंवा स्लॅबचं छत सातशे मिलिमीटर पावसात, गळती-उडती वजा जाता, पन्नास हजार लिटर पाणी देतं. पाच माणसांना प्यायला-शिजवायला रोज पन्नास लिटर धरले तर आठ कोरड्या महिन्यांना बारा हजार लिटर पुरतात. बारा हजार लिटरची टाकी बांधणं काकाजींना परवडण्यासारखं होतं. त्यांनी खर्च विचारला, मान हलवली आणि विषय ओलिताकडे नेला.

ओलिताला

इथे मी अडखळतो, कारण पिण्यासारखा एका आकड्यावर निकाल लागत नाही.

सगळ्यात आधी मीठ. पाच सेंटिमीटरचं एक ओलीत म्हणजे एकरी साधारण दोनशे घनमीटर पाणी. लिटरला १.८२ ग्रॅम क्षार, म्हणजे एका ओलिताला एकरी ३६८ किलो. दोन ओलितांना सात क्विंटलांवर. काकाजींना मी हे पोत्यांत सांगितलं: पन्नास किलोची जवळजवळ पंधरा पोती, एका एकरात, तुम्ही स्वतःच्या हाताने टाकताय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

तरी कपाशी हे सोसते. कपाशीला मातीच्या अर्काची वाहकता ७.७ डेसिसायमनपर्यंत फारशी बाधत नाही, गव्हाला ६ पर्यंत. आपलं ३,२०० मायक्रोसायमनचं, म्हणजेच ३.२ डेसिसायमन प्रति मीटरचं पाणी नियमित देत गेलं आणि निचरा ठीक असला तर मुळांजवळची वाहकता साधारण दीडपट, ४.८ होते. त्यात कपाशी तगते. कांद्याची सोसायची हद्द १.२ आहे, त्याचं पीक निम्म्याच्या खाली येईल. संत्र्याचं नाव काढायचं नाही. हरभरा आणि तूरही खारटपणाला हळव्या.

काकाजींचा भाचा इथवर वाचून आला होता. मोबाईलवर त्याने सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे एसएआर काढलं होतं: सोडियम २२, भागिले कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याचं वर्गमूळ. २२ भागिले २.२४ म्हणजे ९.८. "सर, दहाच्या आत आहे. एस-एक. सोडियमचा धोका कमी."

गणित बरोबर होतं, वाचन चुकलं होतं. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ मध्ये काढलेल्या आलेखावर एसएआरच्या रेषा आडव्या नाहीत, तिरप्या आहेत. वाहकता वाढेल तशा त्या खाली उतरतात. १० ही एस-एकची हद्द फक्त डाव्या टोकाला, कमी क्षारांच्या पाण्यासाठी. ३,२०० वाहकतेला ९.८ एसएआर एस-तीनमध्ये पडतं, म्हणजे पाणी सी४-एस३: क्षार अति, सोडियमचा धोका जास्त. सरळ तक्ता करून 'दहाच्या आत उत्तम' लिहिणारे अहवाल आणि प्रबंध मी पुष्कळ पाहिले आहेत.

रेषा तिरप्या का? शेतात पाणी वाळतं. मातीतलं पाणी चौपट दाट झालं की वरचं सोडियम चौपट होतं, खालचं वर्गमूळ फक्त दुप्पट. म्हणजे एसएआर दुप्पट, ९.८ चं १९.६. त्यात बायकार्बोनेट १२ आहे. ते कॅल्शियमला धरून चुनखडी करून बसवतं आणि कॅल्शियम हिशेबातून जातं. मुळात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेत सत्तर टक्के मॅग्नेशियमच आहे, आणि मातीची घडण टिकवायला ते कॅल्शियमइतकं कामाचं नाही. उरलेलं सोडियम कार्बोनेट, म्हणजे आरएससी (बायकार्बोनेट १२ वजा कॅल्शियम-मॅग्नेशियम १०), २ येतं. १.२५ ते २.५ ही शंकेची पायरी.

आता गोंधळ बघा. अन्न व कृषी संघटनेची १९८५ ची मार्गदर्शिका उघडली तर एसएआर ६ ते १२ आणि वाहकता १.९ डेसिसायमनच्या वर असेल तर पाणी मुरण्याची अडचण नाही असं ती म्हणते. अमेरिकन आलेख म्हणतो क्षार जास्त तर सोडियमचा धोका जास्त, ही मार्गदर्शिका म्हणते क्षार जास्त तर माती मोकळी राहते. भाचा म्हणाला, "दोघांतला एक चुकीचा असेल."

दोघंही बरोबर आहेत. ते वर्षातल्या वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलताहेत.

ऑक्टोबर ते मे, खारं पाणी जमिनीत असतं तेव्हा क्षारांच्या गर्दीने चिकणमातीचे पापुद्रे एकमेकांना धरून राहतात. पाणी मुरतं, शेताला वाफसा येतो, पराटी हिरवी दिसते. याच काळात मातीच्या कणांवरचं कॅल्शियम हटून सोडियम बसत असतं, पण ते दिसत नाही. मग जूनचा पहिला दणकट पाऊस येतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. वरचं मीठ तो धुऊन नेतो, सोडियम मात्र कणांना चिकटलेलं राहतं. धरून ठेवणारी गर्दी गेली की कण फुगतात, सुटतात आणि स्वतःचीच छिद्रं बुजवतात. शेतात पाणी साचतं, आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, डवरा चालत नाही, ऊन पडलं की वर पपडी. ही चोपण.

म्हणून "दोन वर्षं दिलं, काही झालं नाई" ही साक्ष मी फारशी धरत नाही. झालेलं असतं ते पावसाळ्यात दिसतं, आणि त्याचा दोष पावसावर जातो.

पुस्तकात चोपणाची हद्द विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, १५ टक्के अशी दिलेली असते. पूर्णा खोऱ्याच्या काळ्या जमिनींवर काम केलेल्या मृदाशास्त्रज्ञांनी दाखवलं की इथे १५ ची वाट पाहू नये, पाचच्या पुढेच पाणी मुरण्याचा वेग कोसळतो. ९.८ एसएआरच्या पाण्याशी माती समतोलात आली तर हे प्रमाण बाराच्या घरात जाऊ शकतं आणि दाट होऊन एसएआर दुप्पट झालं तर वीसच्या पुढे. म्हणजे कपाशी पास झाली आणि जमीन नापास, असा हा अहवाल आहे.

एक गंमत राहिली. प्यायला ज्या नायट्रेटने नापास केलं तेच शेतात खत आहे. ६२ मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे १४ मिलिग्रॅम नत्र. एका ओलिताला एकरी पावणेतीन किलो. युरियाच्या हिशेबात सहा किलो फुकट.

दोन ग्लास

हे सगळं मी बोलून कुणाला पटवलेलं नाही. काकाजींना काय पटवणार!

त्यांच्या ओट्यावर काचेचे दोन ग्लास मांडले. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात ते. पावसाचं पाणी घरात नव्हतं, आणि हे त्याच्या जवळचं. बोअरचं पाणी दोन हंगाम मिळालेल्या वावरातलं वाळलेलं ढेकूळ आणलं आणि चण्याएवढा खडा दोन्ही ग्लासांत अलगद सोडला. ढवळायचं नाही, ग्लास हलवायचा नाही.

बोअरच्या पाण्यातला खडा फुटला, खाली ढिगारा झाला, वरचं पाणी स्वच्छ. दुसऱ्या ग्लासातल्या खड्याभोवती आधी धुरासारखं वलय उठलं. दहाएक मिनिटांत ते पसरत गेलं आणि तळाचं पाणी ताकासारखं दिसू लागलं. काकाजी वाकून बसले होते. मग ते उठले आणि बांधावरच्या, कधीही ओलीत न मिळालेल्या जागेतलं ढेकूळ घेऊन आले. तिसरा ग्लास मागवला. त्यात डिस्टिल्ड पाणी असूनही खडा फुटून खाली बसला, पाणी गढूळलं नाही.

"म्हंजे पानी खराब नाई, माती खराब होऊन राह्यली."

प्रयोगशाळेत विनिमयक्षम सोडियम मोजायला पैसे आणि आठवडा लागतो. ते मोजायचंच, पण कुठल्या वावरातली माती पाठवायची ते ग्लास सांगतो.

ठरलं ते

बोअर बुजवायचं नाही. ऑक्टोबरमध्ये पावसाने दगा दिला तर कपाशीला एक वाचवणारं ओलीत, तेवढ्यापुरतं. हरभऱ्याला आणि भाजीला नाही. पेरणीच्या ओलीसाठी तर अजिबात नाही, कारण कोंब हा पिकाच्या आयुष्यातला सगळ्यात हळवा काळ. फवारणीसाठीही नको. इतक्या अल्कतेच्या आणि काठिण्याच्या पाण्यात काही औषधांचा जोर उतरतो, आणि काकाजी औषधाच्या दुकानदाराला शिव्या देत बसतात.

मुख्य पाणी शेततळ्याचं. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं. बाष्पीभवन वजा जाता सात-आठ एकरांना एक ओलीत. इथली चिकणमातीच पाणी धरते, म्हणून बरेचदा प्लास्टिक लागत नाही. खोलीचा मोह मात्र टाळायचा. खालचं खारं पाणी लागलं की तळं नासलं. तळ्याचं आणि बोअरचं पाणी निम्मं-निम्मं केलं तर एसएआर ९.८ वरून साडेसहावर येतं, वाहकता १.८ वर. तरी मी मिसळण्यापेक्षा पाळी लावण्याच्या बाजूने आहे: कोवळ्या पिकाला गोडं, मोठ्या पिकाला गरजेपुरतं खारं.

जिप्सम. आरएससी शून्यावर आणायला एका ओलितामागे एकरी ३५ किलो शुद्ध जिप्सम लागतं, बाजारातल्या ७० टक्के शुद्धतेचं पन्नास किलो. हा फक्त पाण्याचा हिशेब. ग्लासात ताक झालेल्या वावराला किती लागेल ते माती तपासूनच कळेल, आणि ते मेअखेर टाकायचं, म्हणजे पहिला पाऊस येईल तेव्हा सोडियमला हटवायला कॅल्शियम हजर असेल. त्यामागून ढैंचा हे हिरवळीचं खत पेरून गाडणं, आणि पेरा रुंद वरंब्यावर, पाणी सरीतून निघून जाईल असा.

नातीसाठी पाणी नळाचं, नळ नसेल त्या दिवशी जारचं, आणि जारवाल्याकडे तपासणीचा कागद मागायचा. शेणाचा ढीग बोअरपासून हलवायचा, आरओची नळी तिथून काढायची. टाकीचं काकाजींनी 'पाहू' म्हटलं. वऱ्हाडात 'पाहू' म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी टाकीबद्दल विचारणार होतो, पण त्यांनी बोलू दिलं नाही.

"भाऊ, रातभर झाकून ठेवला होता. तो दुसरा गिलास अजूनही गढूयच हाये."

मग पलीकडे कुणाला तरी म्हणाले, "हात नोको लावू त्याले. शेजारचा पाहाले येऊन राह्यला."